पाकूच्या जागी

आर्लिस ब्रेक्के आणि मी एल्डर बेंडच्या खिडक्यांच्या कारखान्यात काचेच्या विभागात तेरा वर्षं एकाच टेबलाशी उभ्या होतो. ती काच कापायची, मी कडा घासायची. तिला तिथं चोवीस वर्षं झाली होती. नवरा नॉर्मन जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, नदीच्या वळणावर छोटं घर, रविवारी लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. बोलायला तशी कमी. पण एका विषयावर तिला बोलतं केलं की जेवणाची सुट्टी पुरायची नाही. तो विषय म्हणजे बेकारी भत्ता.

दोन हजार नऊ साली घरं बांधणं थांबलं आणि खिडक्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा कारखान्यानं आम्हा बऱ्याच जणांना काही आठवडे घरी बसवलं. आर्लिस अकरा आठवडे घरी होती. बाकीच्यांनी ते दिवस लाजेनं काढले. कोण काय म्हणेल म्हणून दुकानातसुद्धा लांबच्या गावी जायचे. आर्लिसनं त्या अकरा आठवड्यांत राज्याची सगळी नियमपुस्तिका वाचून काढली आणि कामावर परतली ती पेन्सिल कानावर खोचूनच.

"ही काही भीक नाही," ती सांगायची. "आपल्या प्रत्येकाच्या नावानं कंपनी कर भरते, त्यातून हे पैसे येतात. आग लागलेल्या घराला विम्याचे पैसे मिळतात, तेव्हा कुणी मान खाली घालतं का?"

हा कायदा साऱ्या अमेरिकेत सगळ्यात आधी आपल्या विस्कॉन्सिन राज्यानं केला, हे तर ती अशा थाटात सांगायची, की जणू तिच्या परसातच तो झाला होता.

पाकू लोर आमच्या टेबलावर आली ती दोन हजार अकराच्या सप्टेंबरात. वय छत्तीस, अंगानं बारीक, कामाला चपळ. लाओसच्या डोंगरांतल्या ह्माँग जमातीतली. तिचे आईवडील तिकडच्या लढाईनंतर थायलंडच्या निर्वासित छावणीत राहून मग इकडे आलेले. नवरा छपरं घालायचं काम करायचा. तो एका छपरावरून पडला, पाठ मोडून घेतली, आणि दीड वर्ष पाकू घरी राहून त्याचं आणि तीन पोरांचं बघत होती. त्याच्या पाठीचं आणखी एक ऑपरेशन राहिलं होतं. आमच्या कारखान्याचा आरोग्यविमा तीन महिन्यांनी लागू होतो, त्यासाठीच तर तिनं ही नोकरी धरली होती.

ऑक्टोबरात पुन्हा ऑर्डरी कमी झाल्या. कुणी काही बोलत नव्हतं, पण सगळ्यांना दिसत होतं. एकदा जेवताना पाकूनं विचारलं, "मला काढलं तर मला किती मिळतील हो?"

आर्लिसनं सँडविच बाजूला ठेवलं, हात पुसले, आणि कागदी पिशवी उलटी करून तिच्यावर रेघा मारल्या.

"हे बघ. वर्षाच्या चार तिमाह्या. चालू आहे ती सोडायची, तिच्या आधीची पण सोडायची. त्याच्या मागच्या चार घ्यायच्या. त्या चारांत तुझी सगळ्यात जास्त कमाई कुठल्या तिमाहीत झाली? त्या कमाईच्या शंभर डॉलरला चार डॉलर, हा तुझा आठवड्याचा भत्ता."

"त्या चार तिमाह्यांत मी घरीच होते."

"काहीच कमाई नाही?"

"काम होतं. कमाई नव्हती."

"ते काम धरत नाहीत," आर्लिस म्हणाली. "धरायला हवं, पण नाही धरत. बरं, मग दुसरी वाट आहे. ज्यांचं असं अडतं त्यांच्यासाठी अगदी अलीकडच्या पुऱ्या झालेल्या चार तिमाह्या बघतात. त्यात तुझा सप्टेंबर येतो."

"म्हणजे सप्टेंबरचे मिळतील?"

"नाही मिळणार. एकाच तिमाहीच्या कमाईवर देत नाहीत. सगळ्यात चांगल्या तिमाहीबाहेर पण थोडी कमाई लागते, आणि सगळी मिळून भत्त्याच्या पस्तीसपट लागते. ज्यानं खरंच नोकरी धरून ठेवली होती त्यालाच मिळावं, असा त्यांचा विचार." ती पुन्हा आकडे मांडत राहिली. मी माझं सूप संपवलं तरी मांडत होती. शेवटी पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "एप्रिल. एप्रिल उजाडेपर्यंत टिकलीस की तू आत आलीस. त्याच्या आधी गेलीस तर काही नाही."

"तोवर आजारी पडू नकोस, भांडू नकोस, आणि केर्मिटच्या टोपीला हसू नकोस," मी म्हटलं.

केर्मिट ऑस्टबी म्हणजे आमचा सुपरवायझर. पाकू हसली, पण ती पिशवी घडी घालून तिनं आपल्या डब्यात ठेवली.

"आणि तुम्हाला किती?" तिनं जाता जाता आर्लिसला विचारलं.

"मला? माझा चार टक्क्यांचा हिशेब मर्यादेच्या वर जातो, म्हणून मर्यादेइतके. तीनशे त्रेसष्ट. सव्वीस आठवडे. चोवीस वर्षं ह्या टेबलाशी उभं राहून निदान एवढं तरी जमवलं."

नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला, पुरुषमंडळी दाढ्या वाढवून कामावर परतली, आणि डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मी हजेरीच्या तक्त्यावर सही करायला केर्मिटच्या केबिनमध्ये गेले होते. मागोमाग आर्लिस आली. मी असल्याचं तिला काही वाटलं नाही. तिनं दार लावून घेतलं.

"काचेच्या विभागातून एकाला कमी करायचंय म्हणे."

केर्मिटनं टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याला काच कापायला आर्लिसनंच शिकवलं होतं, त्यामुळे तिच्यासमोर त्याचं सुपरवायझरपण फारसं टिकत नसे. "तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या तोंडानं. बुधवारपासून तू पाकूच्या डोळ्याला डोळा देत नाहीयेस."

"नियमच आहे आर्लिस. जो शेवटी आला तो आधी जातो. मी बुधवारीच नाव वर कळवलंय. मला काय आवडतंय का?"

"मग बदल ते नाव. माझं घाल."

केर्मिट आधी हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. "तुला चोवीस वर्षं झालीत."

"म्हणूनच म्हणते. ती गेली तर तिला राज्याकडून एक डॉलरसुद्धा मिळणार नाही, मी आकडे मांडून बघितलेत. विमा लागू व्हायला आठ दिवस राहिलेत, तो पण जाईल. मी गेले तर मला आठवड्याला तीनशे त्रेसष्ट मिळतील. घर माझं आहे, खाणारं तोंड एक. आणि माझा पगार तिच्या दीडपट, म्हणजे वरच्या साहेबांचा फायदाच. सांग, यात कुणाचं नुकसान आहे?"

"तुझं," मी म्हटलं. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"तू सही कर, जोलीन," ती म्हणाली.

केर्मिटनं टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "मी फोन करतो वर."

"कर. आणि कागदावर काम नसल्यामुळे कमी केलं असंच लिहायला सांग. अजून एक. पाकूला यातलं काही कळता कामा नये. तुला पण सांगते, जोलीन. तिला कळलं तर ती मला बघून जन्मभर अवघडेल. मला तसली माणसं समोर नकोत. मी गुडघ्यांचं कारण सांगेन."

पुढच्या शुक्रवारी ती गेली. गुडघे फार दुखतात, असं सगळ्यांना सांगितलं. पाकूनं घरून रोल करून आणले होते, आत शेवया आणि मटणाचा खिमा, बरोबर झणझणीत मिरचीची चटणी. तिनं तो डबा आर्लिसच्या हातात दिला आणि तिच्या गुडघ्यांकडे एकदा बघितलं.

आर्लिसनं फोनवरून अर्ज केला आणि दर रविवारी फोन करून आठवड्याची उत्तरं देऊ लागली. काम करायच्या स्थितीत आहात का, मिळालं तर कराल का, या आठवड्यात काही कमावलं का. ख्रिसमसच्या आधी एका अंत्यविधीला तिनं ऑर्गन वाजवला, त्याचे तीस डॉलर मिळाले. ते तिनं फोनवर सांगितले तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले होते.

"अगं, तीस डॉलरपर्यंत काही कापतच नाहीत ना?" मी म्हटलं. "तूच तर सांगितलंस. मग बोलायचं कशाला?"

"कापायचं का नाही ते त्यांनी ठरवायचं. किती मिळाले तेवढं मी सांगायचं."

ख्रिसमसनंतर राज्याच्या कचेरीचं पत्र आलं. तिनं ते माझ्यापुढे सरकवलं. भत्ता नामंजूर. कारण, कामगारानं स्वतःहून नोकरी सोडली.

कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात. तिथल्या कुणीतरी कागदावर 'राजीनामा' या रकान्यात खूण केली होती. चुकून केली की मुद्दाम, देव जाणे. कमी केलेल्या माणसाचा भत्ता कंपनीच्या खात्यावर पडतो आणि पुढं त्यांचा कर वाढतो. स्वतःहून गेलेल्याचा तसा पडत नाही. कचेरीतल्या लोकांनी समोर आलेल्या कागदावरून निकाल दिला, त्यांचं तरी काय चुकलं.

"पण कचेरीतून चौकशीचा फोन आला असेल ना तुला?" मी विचारलं.

"आला होता."

"मग काय सांगितलंस?"

"जे झालं ते. एकाला कमी करायचं होतं, मी पुढे झाले."

"मी पुढे झाले." मी कप खाली ठेवला. "आर्लिस, अगं तिथंच तू बुडालीस. काम नव्हतं म्हणून काढलं, एवढंच म्हणायचं होतं."

"ते अर्धंच खरं झालं असतं."

"अर्धं खरं बोलून लोक पेन्शनी खातात."

"खाऊ देत," ती म्हणाली, आणि पत्राची पाठ उलटून अपील किती दिवसांत करायचं ते बघू लागली. चौदा दिवस.

त्यानंतर ती तीन दिवस गावच्या वाचनालयात जाऊन बसली. चौथ्या दिवशी मी कामावरून परस्पर तिच्याकडे गेले, तर टेबलावर एक कागद होता. तिनं कायद्याच्या पुस्तकातून एक कलम हातानं उतरवून आणलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर असं, की स्वतःहून काम सोडणाऱ्याला भत्ता नाही, पण दुसऱ्या कामगाराला काढण्याच्या ऐवजी जर हा कामगार गेला असेल, तर त्याला ती बंदी लागू नाही.

मी ते दोनदा वाचलं. कुणीतरी कधीतरी राजधानीत बसून हा विचार केला होता, की असं एखादं माणूस निघेल, आणि त्या माणसासाठी कायद्यात दोन ओळींची जागा ठेवली होती.

"जिंकलीस की मग," मी म्हटलं.

"नाही. नीट वाच. दुसऱ्या कामगाराला काढणार होते हे दाखवावं लागेल. म्हणजे कुणाला ते सांगावं लागेल. म्हणजे तिचं नाव घ्यावं लागेल, आणि कदाचित तिला बोलवावं लागेल." तिनं कागदाची घडी घातली. "अपील मी टाकलंय. पण तिचं नाव मी घेणार नाही. केर्मिट आला आणि बोलला तर ठीक."

केर्मिटला मी दुसऱ्याच दिवशी गाठलं. तो म्हणाला, मुख्य कार्यालयानं त्याला कंपनीच्या बाजूनं फोनवर हजर राहायला सांगितलंय आणि विचारलं तेवढंच बोलायची ताकीद दिलीय. माझ्याकडे न बघताच बोलला.

दोन दिवस ते माझ्या जिवाला खात राहिलं. मग मी आर्लिसचं सांगणं मोडलं. शनिवारी पाकूच्या घरी गेले. तिचा नवरा कोचावर पाठीखाली उशा घेऊन पोराला गणितं घालत होता. पाकूनं मला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात चिकट भाताची टोपली ठेवली. मी म्हटलं, "पाकू, तुला एक सांगायचंय. आर्लिसच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

ती उठली, कपाटातून एक जाडजूड फाईल काढली, आणि एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. मुख्य कार्यालयाचं पत्र, डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारचं. काम कमी झाल्यामुळे पाकू लोर यांना अमुक तारखेपासून कमी करण्यात येत आहे. केर्मिटनं बुधवारी नाव कळवलं, गुरुवारी पत्र टपालात पडलं, शुक्रवारी आर्लिस केबिनमध्ये गेली.

"शनिवारी मिळालं मला," पाकू सांगत होती. "सोमवारी केर्मिट म्हणाले, चुकून गेलंय, फाडून टाक. आणि त्याच आठवड्यात आर्लिसबाईंचे गुडघे दुखायला लागले. मी काय एवढी खुळी आहे का हो? काचेचा सगळ्यात जड गठ्ठा त्या उचलायच्या."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांनी लपवलं होतं. लपवलेलं उघडं करणं म्हणजे त्यांचा अपमान. मला वाटलं, त्यांना भत्ता मिळतोय, त्या बऱ्या आहेत. मी दर रविवारी काहीतरी शिजवून नेऊन देते, तेवढंच."

"भत्ता नामंजूर झालाय," मी म्हटलं.

पाकूचा हात भातावरच थांबला. मी सगळं सांगितलं. तिनं ते पत्र पुन्हा हातात घेतलं.

"पण तू फाडलं कसं नाहीस?" मी विचारलं.

"आमच्या घरात कागद फाडत नाहीत. छावणीतून येताना माझ्या वडिलांनी अठरा कागद छातीशी बांधून आणले. एक कमी असता तर आम्ही तिथंच राहिलो असतो." तिनं अंगात कोट चढवला. "चला. गाडी तुम्ही चालवा, मला आता धड चालवता यायची नाही."

आर्लिसनं दार उघडलं, आम्हा दोघींना बघितलं, आणि मला म्हणाली, "तुझ्या पोटात तीळ भिजेल तर शपथ."

"यांनी नाही सांगितलं," पाकू म्हणाली. "यांनी सांगायच्या आधीपासून मला माहीत आहे." तिनं पत्र टेबलावर ठेवलं.

आर्लिसनं चष्मा लावला, वाचलं, तारीख बघितली, पुन्हा वाचलं. मग पत्र परत पाकूकडे सरकवलं.

"हे तू तुझ्याकडे ठेव. तू कंपनीविरुद्ध उभी राहिलीस तर ते तुला काढतील. एप्रिलला अजून अडीच महिने आहेत. मग मी केलं ते कशासाठी?"

"काढलं तर काढलं. तुम्ही गेलातच ना?"

"माझं वेगळं आहे."

"फाउ," पाकू म्हणाली. त्यांच्यात आत्याला फाउ म्हणतात. त्या आधी तिनं आर्लिसला कधी तशी हाक मारली नव्हती. "तुम्ही मला न विचारता माझा हिशेब केलात. मी काही बोलले नाही. आता मी तुम्हाला न विचारता येणार आहे. तुम्ही पण काही बोलू नका."

आर्लिसनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग ती उठली आणि कॉफी टाकायला गेली. कॉफीचं पाणी उकळून निम्मं झालं तरी ती तिथंच आमच्याकडे पाठ करून उभी होती.

सुनावणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात वॉसॉ शहरात होती. छोटी खोली, लांब टेबल, मधोमध स्पीकर लावलेला फोन. न्यायाधीश बाई साठीच्या, सर्दीनं बेजार, खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट शेजारी. फोनवर मुख्य कार्यालयातल्या एक बाई आणि केर्मिट. शपथ झाली, सगळं ध्वनिमुद्रित होत होतं.

मुख्य कार्यालयातल्या बाईंनी वाचून दाखवलं, की कर्मचारी स्वतःच्या विनंतीनं गेली, तसा अर्ज नोंदलेला आहे.

न्यायाधीशांनी आर्लिसला विचारलं, "तुम्हाला नोकरी सोडायची होती का?"

"नाही. मला आणखी चार-पाच वर्षं काढायची होती."

"मग का गेलात?"

आर्लिसनं सांगितलं. केबिनमध्ये जे सांगितलं होतं तेच, तितकंच, आवाज न चढवता. पाकूच्या तिमाह्या, सप्टेंबर, पस्तीसपट, एप्रिल. न्यायाधीश लिहून घेत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "एप्रिल कसा काढलात?"

आर्लिसनं तिमाही-तिमाही करून समजावलं. न्यायाधीशांनी आपला कॅल्क्युलेटर ओढला, बटणं दाबली, आणि नाक पुसत म्हणाल्या, "बरोबर आहे. आमच्याकडचेसुद्धा ह्यात चुकतात."

मग पाकूनं पत्र दिलं. मुख्य कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, ते पत्र नजरचुकीनं गेलं होतं.

"मिस्टर ऑस्टबी," न्यायाधीश फोनकडे वाकून म्हणाल्या, "ते पत्र नजरचुकीनं गेलं होतं का?"

तो फोनवर असला तरी मला त्याचा चेहरा दिसत होता, टेबलावरची टोपी दिसत होती. आर्लिस हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती.

"नाही," केर्मिट म्हणाला. "नाव मीच कळवलं होतं. पाकूचं. शुक्रवारी आर्लिस आली आणि म्हणाली तिच्या जागी मला घाल. मी वर फोन करून नाव बदललं. ती आली नसती तर पाकू गेली असती." मग पुढे म्हणाला, "काम नसल्यामुळे कमी केलं असंच लिहायचं ठरलं होतं. मी तसं सांगितलंही होतं. पुढचं मला माहीत नाही."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि सुनावणी संपवली.

निकालाचं पत्र नऊ दिवसांनी आलं. त्यात कौतुकाचा एक शब्द नव्हता. अमुक कलमाखाली ही कामगार दुसऱ्या कामगाराच्या ऐवजी कमी झाली, सबब ती भत्त्याला पात्र आहे, आधीचा निकाल रद्द. मागच्या सगळ्या आठवड्यांचे पैसे एकदम मिळाले. मी ते पत्र कारखान्यात नेऊन वाचून दाखवू का, असं विचारलं तर आर्लिस म्हणाली, नेलंस तर तुझं तोंड बघणार नाही. मी नेलं नाही. पण सगळ्यांना कळलं होतंच. एवढ्याशा गावात काय लपतं.

पाकूला कुणी काढलं नाही. एप्रिल आला आणि गेला. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. आता तो काठी घेऊन चालतो आणि घरामागं मिरच्या, कोथिंबीर लावून शनिवारच्या बाजारात विकतो. पाकू अजून माझ्या टेबलावर आहे, आता काच ती कापते. केर्मिटला कुणी शब्दानं काही बोललं नाही, पण त्या वर्षी त्याला मिळायची होती ती बढती दुसऱ्याला गेली. तो म्हणतो, त्याला ती नकोच होती. मला काही हे पटत नाही, आणि म्हणूनच मी त्याला आता नावं ठेवत नाही.

आर्लिसचं म्हणाल तर, भत्ता घेणाऱ्यानं आठवड्याला दोन ठिकाणी काम शोधायचं असतं. लोक ते उरकतात. कुठंतरी नाव लिहून येतात आणि झालं. आर्लिस मात्र चांगला कोट घालून खरंच जायची. टायरच्या दुकानात गेली, दवाखान्याच्या कपडे धुण्याच्या विभागात गेली, बँकेत गेली. टायरवाल्यानं विचारलं, तुम्हाला यातलं काय येतं. ती म्हणाली, काही नाही, पण मी जड उचलते आणि वेळेवर येते. मार्चच्या अखेरीला शाळेच्या स्वयंपाकघरात एक बाई निवृत्त झाल्या आणि ती जागा हिला मिळाली. पगार कारखान्यापेक्षा कमी. भत्त्याचे दहा-बारा आठवडे अजून शिल्लक होते.

"एवढी घाई काय होती?" मी म्हटलं. "उन्हाळ्यापर्यंत आरामात बसली असतीस."

"काम मिळालं तर करीन, असं मी दर रविवारी सांगत होते ना?"

तो शुक्रवार होता. तिनं माझ्यासमोरच कचेरीला शेवटचा फोन लावला. सोमवारपासून कामावर जाते, आता भत्ता नको, असं सांगितलं. पलीकडच्या माणसानं नेहमीप्रमाणे विचारलं असणार, आणखी काही मदत हवी आहे का.

"नको," आर्लिस म्हणाली. "तुमचं काम चांगलं आहे. नीट सांभाळा."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला, कोट घातला, आणि आम्ही पाकूला तिच्या घरून घेऊन नदीकाठच्या हॉटेलात तळलेले मासे खायला गेलो.